टिटवीवरची जागा

"वृषाली, आता तुला होडीत यावं लागणार नाही," हेमंत म्हणाला आणि मोठं बक्षीस जाहीर केल्यासारखा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

मी घावन उलटत होते. "का? होडी विकलीस की काय?"

"विकतोय कशाला! इंजेक्शन आलंय. रत्नागिरीत, डॉक्टर परकारांकडे. दोन्ही डोळ्यांत एकेक. मला लाल-हिरवं दिसायला लागेल. मग क्लबाचा नियम मला लागूच होत नाही. तू सुटलीस."

"वा! सुटले बाई एकदाची," मी म्हणाले. घावन करपलं. त्याला ते कळलं नाही. करपलेलं तपकिरी आणि बरं भाजलेलं तपकिरी यांतला फरक तो नेहमी वासावर ओळखायचा, आणि त्या दिवशी त्याला सर्दी होती.

आता कोण हेमंत आणि कसला नियम, ते सांगते. हेमंत नागवेकर, माझा नवरा, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेला. याला लहानपणापासून समुद्रावर जायचं होतं. बोटीवरच्या नोकरीसाठी मुंबईला गेला, तिथे ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळांचं पुस्तक पुढे ठेवलं, त्यात याला एकही आकडा दिसला नाही. लगेच घरी पाठवला. रंगांधळा. लाल आणि हिरवा, दोन्ही त्याला सारखेच मळके दिसायचे, त्यात लाल तर अधिकच काळपट. नोकरी गेली ती गेली, पण हौस कुठे जाते! चाळिशी उलटल्यावर या माणसाने शिडाची एक जुनी होडी घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'टिटवी'. का, तर म्हणे तीही सारखी टिवटिव करते, माझ्यासारखी.

आमच्या खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. मधून खोल पाण्याची एक वाट आहे आणि तिच्या दोन्ही कडांना बोये तरंगत असतात, म्हणजे खुणेची मोठी पिंपं. आत येताना लाल डाव्या हाताला ठेवायचा आणि हिरवा उजव्या. चुकलात की वाळूत. हल्ली मोटरच्या होड्या आपल्या आपणच वाट शोधतात, त्यांना बोयेबिये लागत नाहीत. पण आमच्या सेलिंग क्लबात सगळे हौशी. यंत्र लावायचं नाही, वारा, शीड आणि स्वतःचे डोळे, एवढ्यावर जायचं, हीच तिथली गंमत. म्हणून नियम असा की सुकाणू धरणाऱ्याला रंग कळत नसतील, तर होडीत रंग कळणारा दुसरा माणूस हवाच.

तो दुसरा माणूस मी.

दर रविवारी टिटवीच्या पुढच्या टोकाला बसायचं आणि ओरडायचं. ओरडायचं तेही 'लाल' आणि 'हिरवा' असं नाही हं. लग्नाआधी एकदा याने मला विचारलं होतं, "लाल म्हणजे नक्की कसा असतो गं?" आता काय सांगणार कप्पाळ! मी म्हटलं, तिखट. "आणि हिरवा?" म्हटलं, कैरी. ते त्याला पटलं, कारण जीभ त्याची शाबूत होती. तेच शब्द होडीत आले. मी पुढून ओरडायचे, "तिखट डावीकडे! कैरी पुढे, जरा लांब!" आणि हा मागे सुकाणू फिरवायचा. बाजूने जाणारे लोक समजायचे, आम्ही भेळेची गाडी घेऊन निघालोय.

आणि मी कुरकुर किती करायचे! गुडघे दुखतात, पोटात ढवळतं, खाऱ्या पाण्याने केसांचा झाडू झालाय, रविवारी माणसं घरी झोपतात. एवढी वर्षं त्याने ते सगळं ऐकून घेतलं होतं आणि खरं मानलं होतं. म्हणून तो माझ्यासाठी डोळ्यांत सुई घ्यायला निघाला होता. आता कोणत्या तोंडाने सांगू, की मला त्या टोकावर बसायला आवडतं म्हणून?

डॉक्टर परकार चाळिशीतल्या, हसऱ्या बाई. त्यांनी टेबलावर तीन पेनं मांडली.

"डोळ्याच्या आत पडदा असतो. त्यात रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी. निळ्याकडच्या या एक. त्या सरांच्या उत्तम आहेत. उरल्या या दोघी, हिरव्याकडची आणि लालकडची. मेंदू या दोघींना विचारतो, तुला किती दिसलं, तुला किती दिसलं? दोघींच्या उत्तरातला जो फरक, तो रंग. सरांच्या लालवाल्या पेशींत जन्मापासून हिरव्याचंच द्रव्य भरलंय. दोघी एकच उत्तर देतात. फरक नाही, म्हणून रंगही नाही."

"मग सुई काय करते?" मी विचारलं.

"एक विषाणू घेतो. रोग करायची ताकद काढून टाकलेला. त्याच्या आत लाल द्रव्य तयार करणारं जनुक ठेवतो. तो पेशीत शिरतो, जनुक तिथे सोडतो, आणि पेशी हळूहळू खरं द्रव्य बनवायला लागते. माकडांमध्ये हे फार पूर्वीच जमलं होतं. माणसाच्या डोळ्यात धोका न होता करायला इतकी वर्षं गेली."

हेमंत पहिल्या बाकावरच्या पोरासारखा मान हलवत होता.

"पण एक लक्षात घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "पेशी बोलायला लागली तरी मेंदूला त्या बोलण्याचा अर्थ माहीत नसतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत तो शिकला तर शिकला. कुणीतरी रोज उजेडात खऱ्या वस्तू दाखवून सांगायला हवं, हा लाल, हा लाल नाही. नाहीतर मेंदू ती नवी खबर कानाआड करतो. काही पेशंटचं तसं झालंय. डोळा दुरुस्त, पण माणूस होता तसाच. तेव्हा घरात कुणीतरी शांत स्वभावाचं, न चिडणारं..."

हेमंतने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं.

"मी आहे की," मी म्हणाले.

परतताना बसमध्ये हेमंत खिडकीशी डुलक्या काढत होता आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. माझी जागा घालवायचं काम माझ्याचकडे आलं होतं. नीट शिकवलं तर हा एकटा जाणार. आळस केला, एक दिवसाआड टाळाटाळ केली, तर कुणाला कळणारही नव्हतं. डॉक्टर म्हणतील, काहींचं होतं तसं. रविवारी मी पुन्हा टिटवीच्या टोकावर.

पण मग मी त्याच्याकडे बघितलं. अठराव्या वर्षी पुस्तकातला आकडा दिसला नाही म्हणून परत पाठवलेलं हे पोर. पन्नाशी गेली, साठी आली, तरी कधी कुणाजवळ त्याबद्दल रडला नाही. अशा माणसाशी लबाडी करायला मला जमलं नसतं.

इंजेक्शनं झाली. पहिले काही आठवडे ढिम्म काही नाही. मी रोज सकाळी त्याला अंगणात खुर्चीवर बसवायचे आणि समोर मांडायचे मिरची, दुर्वा, माझी जुनी इरकल, प्लास्टिकचा मग, अळूचं पान. "हा?" "मळका." "हा?" "जास्त मळका." "अरे देवा, नीट बघ!" "नीटच बघतोय, तूच नीट दाखव!" शांत स्वभावाचं कुणीतरी हवं म्हणे. दोनदा मी मिरच्या उचलून आत निघून गेले आणि दोन्ही वेळा परत आले.

मग रातांब्यांचे दिवस आले. आमच्या परसात रातांब्याचं मोठं झाड आहे. दरवर्षी मी कोकमं करते, आणि फळं काढायला हेमंतला चुकूनही पाठवत नाही, कारण हा पानांत हात घालून चाचपडणार आणि मऊ लागेल ते पिकलेलं असं समजून निम्मी कच्ची तोडून आणणार. त्या सकाळी मी सुपं धूत होते आणि मागून हाक आली, "वृषाली! अगं वृषाली, इकडे ये आधी!"

वाटलं, विंचूबिंचू डसला. धावत गेले. हा झाडाखाली मान वर करून उभा.

"याला एवढी फळं लागतात?"

"दरवर्षी लागतात."

"एवढी?" तो बोट दाखवायला लागला. "ते तिथे. ते तिथे. ते वर, दोन एकत्र. ते पानामागे अर्धं. मी इथेच जन्मलो गं. मला वाटायचं, कंजूष झाड आहे. मला पानंच दिसायची."

एकही बोट चुकलं नाही. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "हेमंत, तो लाल."

"तिखट?"

"तिखट."

तो तिथेच पायरीवर बसला आणि बराच वेळ वर बघत राहिला. मला इतका आनंद झाला होता की मीही त्याच्या शेजारी बसले. आणि त्याच वेळी मला कळत होतं, की आता माझी टिटवी गेली. दोन्ही एकदम वाटू शकतं माणसाला. मला तरी वाटलं.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. या माणसाने मला नको नको करून सोडलं. रस्त्यावर थांबून लोकांच्या साड्यांकडे बघायचा, मी त्याला ओढून पुढे न्यायचे. "अहो बाई, पदर फार छान आहे," असं एका अनोळखी बाईला म्हणाला, तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मीच माफी मागितली. घरात माझ्या सलवारी-ओढण्या काढून बसायचा. "ही आणि ही तू एकत्र घालतेस? शोभत नाहीत."

"आतापर्यंत शोभत होत्या," मी म्हटलं.

क्लबाची परीक्षा संध्याकाळी धक्क्यावर ठेवली होती. सचिव पांगम म्हणजे नियमाला पक्का माणूस. त्यांनी पलीकडच्या काठावर दिवे लावायची व्यवस्था केली होती. एकेक दिवा लागणार, हेमंतने रंग सांगायचा. मी मागे कठड्यावर बसले होते.

पहिला दिवा लागला.

"तिखट!" हेमंत ठणठणीत आवाजात ओरडला.

पांगमांनी चष्मा वर केला. दुसरा लागला.

"कैरी! आता परत कैरी! आता तिखट!"

"नागवेकर सर," पांगम म्हणाले, "ही परीक्षा आहे. चटणी वाटायची नाहीये."

मी पदर तोंडात कोंबला. हेमंत गोंधळला. दिसत होतं सगळं, पण आयत्या वेळी नावं सापडेनात. तो चक्क मागे वळला. "तिखट म्हणजे लाल ना गं?"

"विचारायचं नाही!" पांगम कडाडले. "बाईंनी मान हलवली तर परीक्षा रद्द!"

मी मान धरून बसले. हेमंतने डोळे मिटले, जिभेवर काहीतरी घोळवल्यासारखं केलं, आणि मग पहिल्यापासून सगळे रंग क्रमाने सांगितले. लाल, हिरवा, हिरवा, लाल. पुढचेही सगळे बरोबर. पांगमांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. "सर, उद्यापासून एकटे जा. वहिनींना आता विश्रांती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझं हसू मात्र तिथेच संपलं.

रविवारी तो एकटा निघाला. डब्यात पोहे दिले, टोपी दिली. "धक्क्यावर येतेस?" त्याने विचारलं.

"मला काय काम तिथे? मी झोपणार आहे. इतक्या वर्षांची झोप बाकी आहे."

"झोप, झोप," तो म्हणाला आणि खूश होऊन गेला.

झोप कसली डोंबलाची! घर पुसलं. डबे पुसले. पुसलेले डबे परत पुसले. दुपारी तो यायला हवा होता, आला नाही. चहाची वेळ झाली. फोन क्लबात ठेवून जायची त्याची जुनी सवय, म्हणजे फोन करून उपयोग नाही. वारा बरा होता, समुद्र शांत होता, हे मी गच्चीवर जाऊन तीनतीनदा बघून आले. पांगमांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, शीड लांबून दिसतंय, उभं आहे, काळजी नको." उभं आहे म्हणजे काय? का उभं आहे? आणि मला हे लांबून, फोनवर, पांगमांकडून का कळावं? मी तिथे असायला नको का?

मग मी न्हाणीघरात जाऊन रडले. चांगली रडले. काळजीने रडले आणि रागानेही रडले, आणि त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यांत आनंदाच्या जागेवरून मी आपण होऊन उठून आले, म्हणूनही रडले.

फाटक वाजलं. मी चटकन तोंड धुतलं, पदराने टिपलं, बाहेर आले.

हेमंत गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, आणि चेहरा असा की लग्नातही इतका खुलला नव्हता.

"अडकलो!" तो दारातूनच सांगायला लागला. "वाळूत! आणि कसा ते ऐक. बोया दिसला. लाल. बरोबर ओळखला. डावीकडे ठेवायचा, सगळं पाठ. पण इतका सुंदर दिसत होता गं, म्हटलं, जरा जवळून बघू. बघता बघता त्याच्या पलीकडेच गेलो, आणि खर्रकन वाळूत! मग भरतीची वाट बघत बसलो. आणि बसल्या बसल्या समोर बघतो तर आपला अख्खा सडा, खाडीवरचं ते जांभ्याचं पठार, लाल! जांभा लाल असतो हे पुस्तकात वाचलं होतं मी, पण हे एवढं? कडा उन्हात नुसता पेटलाय, आणि मी सांगायला तोंड उघडलं, तर पुढे कोणी..."

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. पायांवरचा चिखल फरशीवर ठिबकत होता आणि मी त्यावरून ओरडायची वाट बघत होते.

"तुझे डोळे लाल आहेत," तो म्हणाला.

"कांदा चिरला."

"नाकही लाल आहे. शेंड्यावर."

आता हे त्याला पहिल्यांदा दिसत होतं. मी रडले की माझा आवाज बदलत नाही, हुंदके येत नाहीत. फक्त डोळे आणि नाक लालबुंद होतात. माहेरी सगळ्यांना दारातून कळायचं. सासरी आले, आणि इथे ज्या एका माणसाला कळायला हवं, त्याला तेवढंच दिसत नव्हतं. तोंड धुऊन बाहेर आलं की झालं. सुरुवातीला वाईट वाटायचं. पुढे मी त्याची सोयच करून घेतली.

"तू रडलीस," हेमंत म्हणाला. "हे असं दिसतं होय, रडून आल्यावर?"

तो खुर्चीत बसला. गणिताचा मास्तर. त्याच्या डोक्यातली पुढची पायरी मला दिसत होती आणि मला ती त्याने चढायला नको होती.

"मग याआधी?" तो म्हणाला. "याआधी किती वेळा?"

"जाऊ दे रे."

"किती वेळा, वृषाली?"

"सानिका परदेशी गेली तेव्हा," मी म्हणाले. सानिका आमची लेक. "विमानतळावरून परत येताना. पनवेलपासून कशेडीच्या बोगद्यापर्यंत."

"मी शेजारी गाडी चालवत होतो."

"हो."

"मी विचारलं होतं, झोप येतेय का. आणि एसी कमी केला होता."

"बरं वाटलं होतं एसी कमी केल्यावर," मी म्हणाले, कारण त्याचा चेहरा मला बघवेना.

"आणि?"

मग मी सांगितलं. माझी मुख्याध्यापिकेची जागा हुकली ती संध्याकाळ. बाबा गेल्यानंतरचा तो महिना, जेव्हा तो मला म्हणाला होता, तू किती खंबीर आहेस. सानिकाच्या आधीचं जे राहिलं नाही, ते. एकेक सांगत गेले. अंधारून आलं तरी कुणी दिवा लावला नाही, शेवटी मीच उठून लावला.

"आणि आज?" त्याने विचारलं. "आज कशासाठी?"

"मला होडीत यायचंय."

"पण तुझे गुडघे? पोटात ढवळतं ना तुला?"

"गुडघे माझे आहेत, ढवळतंय ते पोटही माझं आहे. मी बघून घेईन. मला यायचंय."

"पण आता मला सगळे बोये दिसतात गं. होडीत तू करणार काय?"

"काही नाही करणार! बसणार! अशीच!" माझा आवाज जन्मात पहिल्यांदा रडताना चिरकला. "काम असल्याशिवाय मला तुझ्याजवळ बसता येत नाही का कुठे?"

हेमंत उठला. चिखलाचे पाय घेऊन, पुसलेल्या फरशीवरून, माझ्याजवळ आला आणि मला घट्ट धरून उभा राहिला. "मी आज तोंड उघडलं तर पुढे कोणी नव्हतं," तो माझ्या केसांत म्हणाला. "एवढा लाल सडा, आणि सांगायला कोणी नाही. तेवढं फार वाईट वाटलं. तुला झोपायचं होतं म्हणून सकाळी चल म्हणालो नाही."

किती मूर्ख असावीत दोन माणसं, एका घरात!

बऱ्याच वेळाने त्याने नाक ओढलं, मला सोडलं, आणि तसाच आत आरशाकडे गेला. मला वाटलं, तोंड धुवायला. पण पाण्याचा आवाज येईना. मग हाक आली, रातांब्याखालून आली होती तशीच घाईची.

"वृषाली, दिवा घेऊन ये लवकर. अगं, माझेही झालेत बघ."